सात वाजून दहा मिनिटाले

१

"तूच उडवलं बे! मशीन खोटं बोलते काय? सात वाजून दहा मिनिटं! अन् सात वाजून दहा मिनिटाले या ऑफिसात तुह्याशिवाय कोण होतं, सांग ना?"

कपिल ओरडून राह्यला होता. त्याचं बोट भावसिंगभाऊच्या नाकाले लागाले जराकच कमी होतं. मी दारातच थांबलो. काल रात्री उशिरा ढाणकीहून आलतो, म्हणून आज पोहचाले साडेदहा झाले, अन् पाहतो तं हे.

"मी काल संध्याकाळी ते मशीन सुरूच नाही केलं," भाऊ म्हणे. आवाज एकदम बारीक.

"मंग भुतानं केलं?"

"काय झालं?" मी इचारलं.

सुरभी मॅडमनं स्क्रीन माह्याकडं फिरवला. लिनक्सचा फोल्डर उघडा होता. आत काहीच नाही. तीन महिन्याचं काम, सारं साफ.



लोकायले वाटते आम्ही अ‍ॅप बनवतो. नाही. आम्ही अ‍ॅप बनवणाऱ्यायचे अवजारं बनवतो. सोयाबीनमधी ओलावा किती हाय हे सांगणारं मीटर असते. ते मीटर कॉम्प्युटरले लावलं की आकडा सरळ प्रोग्राममधी आला पाह्यजे. तो आणून देते आमचं टूलकिट. महागावच्या बसस्टँडसमोर, खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यायत आम्ही ते बनवतो. व्यापाऱ्यायकडं विंडोज असते, शेतकरी गटायकडं फुकटचं लिनक्स, पुण्याच्या पोट्ट्यायकडं मॅक. ओलावा बारा तं तिन्हीवर बारा आला पाह्यजे. विंडोज कपिल पाहते, मॅक प्रेरणाताई, लिनक्स भावसिंगभाऊ. अन् तिन्हीवर मीटर लावून तपासाचं काम माह्या सख्ख्या बहिणीचं, गुंजनताईचं. मी मीटरं पोचवतो, लावून देतो.

"दुसरीकडं ठेवलं असंन ना कुठं," मी म्हटलं.

"कुठी ठेवते? मॅडमचा नियम माहीत नाही काय तुले?" कपिल म्हणे.

माहीत होता. मागच्या वर्षी घाईत अर्धवट माल बाहेर गेला अन् लय बोंब झाली. तवापासून पंधरा दिवस सलग तिन्ही रकान्यात टिक आल्याबगर काही नेटवर चढवाचं नाही. पेन ड्राइव्हवर घ्याचं नाही. भिंतीवर तक्ता हाय त्याचा. काल पंधरावा दिवस होता. आज चढवाचं होतं, अन् उद्या चाळीस गावच्या गटायले द्याचं होतं.

मॅडम उठल्या. यवतमाळच्या वकिलाची पोरगी, आवाज कधी चढवत नाही. "भावसिंग, अडीच वर्षं झाली तुला इथे. कोणाला विकून इथून उडवलंस, ते पाचच्या आत सांग. नाहीतर पाच वाजता मी ठाण्यात तक्रार देणार. तुझ्या नावानं."

भाऊनं खुर्चीचा हात धरला.

२

भावसिंगभाऊ तांड्यावरचा. त्याच्या घराण्यात कॉम्प्युटरले हात लावणारा तो पहिला. कॉलेज नाही, क्लास नाही, सारं स्वतः शिकला. मी अकरावी अर्ध्यात सोडली तवा घरचे मले भैताड म्हणत होते. हा म्हणे, "सोडली तं सोडली, आता बसून शिक." मले त्यानंच शिकवलं. तो फाइल विकंन? माह्या डोक्यात सनक गेली.

"पाच वाजेपर्यंत टाइम हाय ना? मी शोधतो," मी म्हटलं.

कपिल हासला. "अकरावी नापास आता पोलीस झाला."

"नापास नाही, सोडली! अन् तुह्यासारखं मॅडमसमोर एक अन् मागं एक नाही करत मी!"

"नयन!" गुंजनताईनं माह्या बाहीले धरलं. तिचा हात थंडगार होता. "चूप बस. कायले मधी पडतं?"

मी बाही सोडवली अन् भाऊले गॅलरीत नेलं.

"काल कुठी कुठी होता, सांग."

"साडेबारा ते चार मॅडमसंगं बाजार समितीत. मीटर दाखवाले गेलतो. पाच वाजता सारे गेले. मी त्या तुटक्या मीटरच्या वायरी जोडत बसलो, साडेसातलोक. खाली मारोतरावच्या टपरीवर चाबी देली अन् गेलो."

"मशीनले हात लावला?"

"नाही रे. मॅडमले सांगितलं, कोणी मानत नाही." त्यानं तोंड दुसरीकडं केलं. "ठाण्यात नाव गेलं तं घरी याडीले काय सांगू? तिनं साऱ्या तांड्यात सांगून ठेवलं का माह्या पोराची कुर्सी हाय म्हणून. माय मरंन माह्यी."

मी खाली गेलो. मारोतराव चहा गाळून राह्यले होते. जिना त्यायच्या टपरीले लागूनच हाय, मुंगी बी त्यायले चुकवून वर जात नाही.

"पाचनंतर भावसिंगच होता वर. एकटा," मारोतराव म्हणे. "साडेसातले चाबी देली. दुसरं कोणी चढलं नाही, देवाशपथ."

मले काय वाटलं असंन पाहा. त्याले वाचवाले गेलतो, अन् अजून एक साक्षीदार त्याच्याच अंगावर घेऊन आलो.

३

मॅक सोडलं तं मशीन एकच हाय तपासाचं, पण त्याच्यात विंडोज बी हाय अन् लिनक्स बी. सुरू करतानी इचारते, कोणतं पाह्यजे. लिनक्सच्या फायली विंडोजमधून उडवता येत नाही आमच्या इथं. म्हणजे ज्यानं उडवल्या त्यानं मशीन लिनक्समधी सुरू केलं. पासवर्ड साऱ्यायले माहीत, कागदावर लिहून मशीनलेच चिकटवला हाय.

लिनक्सले एक सवय हाय. काय केलं, कवा केलं, सारं टिपून ठेवते. मॅडमनं फक्त शेवटची ओळ पाह्यली होती, फायली उडवल्याची. मी वरतून वाचाले लागलो.

काल, सहा अठ्ठावन्न: मशीन सुरू.
सात तीन: मीटर नंबर तीन लावलं.
सात तीन ते सात आठ: चौदा वेळा आकडा घेतला.
सात दहा: फोल्डर साफ.

मी दोन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा वाचतानी मीटरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"प्रेरणाताई," मी म्हटलं, "मीटर नंबर तीन किती हाय आपल्याकडं?"

"एकच ना. नवीन मॉडेल. काल तूच तं नेलं ढाणकीले."

मीच नेलतं. चार वाजताच्या बसनं, खोक्यात बांधून, मांडीवर ठेवून. देवीलालशेठच्या दुकानात लावून देलं, त्यायची सही घेतली, फोटो मॅडमले पाठवला. फोटोवर वेळ होती सहा वाजून वीस. सात वाजून तीन मिनिटाले मीटर नंबर तीन ढाणकीत देवीलालशेठच्या टेबलावर होतं, अन् मी त्याच्याच बाजूले बसून भजे खाऊन राह्यलो होतो.

मंग तेच मीटर त्याच टायमाले महागावच्या मशीनले लागलं कसं?

४

पह्यले तं वाटलं, कोणी लिहिलेलं बदलवलं. पण बदलवणारा मीटरचा नंबर कायले ठेवंन? तो नंबर तिथं कामाचाच नाही. जे कामाचं नाही ते कोणी खोटं लिहित नाही.

मंग खोटं काय हाय? वेळ.

"कपिल, या मशीनचं घड्याळ कसं हाय?"

"भंगार. आतली सेल गेली. रोज सकाळी विंडोज सुरू केलं का मागं पडलेलं असते, मी हातानं लावतो. काल बी दहा वाजता लावलं."

"किती मागं पडते?"

"असंन साडेपाच तास."

"रोज?"

"हो."

"रोज साडेपाचच? कधी तीन नाही, कधी आठ नाही?"

"साडेपाचच," कपिल म्हणे.

सेल गेली असती तं घड्याळ कसंही भरकटलं असतं. रोज बरोब्बर साडेपाच तास मागं पडणारं घड्याळ बिघडलेलं नाही, ते कोणाचं तरी ऐकून राह्यलं हाय.

"भाऊ, तुह्यं लिनक्स कधी चुकीची वेळ दाखवते काय?"

"नाही. नेट जोडलं का आपोआप बरोबर होते."

अन् काल नेट होतं कुठी? बारा वाजता रस्ता खोदतानी जेसीबीनं केबल तोडली, ते आज नऊ वाजता आलं. मी उठलो, मशीनची नेटची वायर उपटली. विंडोजमधी घड्याळ बरोबर लावलं, अकरा पन्नास. मशीन बंद केलं अन् लिनक्समधी सुरू केलं. सारे मागं येऊन उभे राह्यले. ताई आपल्या टेबलापाशीच होती.

कोपऱ्यात वेळ आली. पाच वाजून बावीस मिनिटं. संध्याकाळचे.

"बापा रे!" कपिलच्या तोंडून निघालं.

भाऊ हळूच बोलला, जसं त्याच्याच पायाखालची फरशी सरकली. "विंडोज समजते मशीनच्या आतलं घड्याळ गावचं हाय. लिनक्स समजते ते विलायतेचं हाय, म्हणून त्याच्यात साडेपाच तास मिळवते. मी नेटवर होतो, कपिल हातानं लावत होता. दोघायले एकमेकायचं माहीतच नाही!"

तिन्हीकडं सारखं चालते का, हे तपासाचं आमचं काम. अन् आमच्याच मशीनमधी दोन घड्याळं लपून बसले होते, दोन वर्षांपासून.

मी सात दहामधून साडेपाच तास काढले.

दुपारचे एक चाळीस.

५

"एक चाळीसला भावसिंग माझ्यासोबत होता," मॅडम म्हणाल्या. तोंड पांढरं पडलं होतं. "समितीच्या हॉलमध्ये. माझ्या शेजारी."

"मंग?" मी म्हटलं. लय चढलो होतो मी, खोटं नाही सांगत. "आता माफी मांगा त्याची! अन् कपिल, तुह्यं ते बोट कुठी गेलं?"

कपिल माह्याकडं पाहत होता. त्याचा चेहरा बदलला.

"थांब," तो म्हणे. "दीड वाजता मी अन् प्रेरणा खानावळीत होतो. सव्वादोनले आलो, खानावळवाल्याले इचारा. मॅडम अन् भावसिंग समितीत. गुंजन डोकं दुखते म्हणून खोलीवर गेलती. मारोतराव बी तवा घरी जेवाले जाते. वर कोण राह्यलं?"

त्यानं बोट माह्याकडं वळवलं.

"अन् मीटर नंबर तीन कोणाच्या टेबलावर होतं? कोण बांधून राह्यलं होतं त्याले?"

माह्ये कान गरम झाले. "मी खोकं आणाले गेलतो! किराण्यात! त्याच्यासंगं भांडण बी झालं माह्यं, पाण्यात भिजलेलं खोकं देत होता तो!"

"किती वेळ? दोन मिनिटाच्या दुकानात एक तास?"

"भांडलो ना तितका!"

"नयन," मॅडम म्हणाल्या. "हा हिशोब तूच मांडलास. एक चाळीसचा. आता तूच सांग, कोण होतं?"

दीड तास मी ज्याच्यासाठी डोकं फोडलं तो सुटला, अन् त्याच दोरीत मी बांधल्या गेलो. भाऊ मधी पडला, "पोराचं नाव नका घेऊ, मॅडम," पण त्याच्या डोळ्यायत बी एक क्षण आली होती. शंका. मी पाह्यली ती.

मी मान फिरवली, नाहीतं कपिलले मारलंच असतं. नजर भिंतीवरच्या तक्त्यावर गेली.

पंधरा दिवस, तीन रकाने. चौदा दिवसायत साऱ्या रकान्यात टिक. कालच्या ओळीत विंडोज टिक, मॅक टिक. लिनक्सचा रकाना रिकामा.

सकाळपासून तो तक्ता सारे पाहून राह्यले होते. फाइल गेली म्हणून टिक नाही, एवढंच वाटलं साऱ्यायले. मले बी. पण तक्ता भरतात पाच वाजता, घरी जाच्या आधी. काल पाच वाजता फाइल गेल्याचं कोणाले माहीत होतं? कोणालेच नाही. ते आज सकाळी समजलं. मंग काल पाच वाजता तक्ता भरणाऱ्यानं तो रकाना रिकामा काहून सोडला?

कारण त्याले माहीत होतं.

अन् तक्ता एकच माणूस भरते.

मी तिच्याकडं पाह्यलं नाही. मले पाहाची हिंमत झाली नाही. चौदा आकडे घेतले, चौदा! चोर चौदा वेळा मीटर कायले तपासंन? चौदा वेळा तपासते तो तपासणाराच.

"बोल ना," कपिल म्हणे. "आता काहून वाचा गेली?"

"मले दहा मिनिटं द्या," मी म्हटलं, अन् ताईचा हात धरून तिले जिन्यात ओढलं.

६

"सोड, दुखते," ताई म्हणे.

"खोलीवर गेलती तू काल?"

तिनं हात सोडवून घेतला.

"ताई, मी इचारून राह्यलो!"

"गेलती. अर्ध्यातून परत आली."

मले वाटलं होतं ती नाही म्हणंन. तिनं नाही म्हणावं म्हणून तं मी ओढत आणलं होतं तिले. मी पायरीवर बसलो.

"काहून?"

ती भिंतीले टेकली. "चौदा दिवस मी लिनक्सवर काही तपासलंच नाही, नयन्या. ते मशीन दिवसभर कपिलकडं. बंद करून लिनक्स सुरू करा म्हटलं का तो खेकसते. भाऊ हुशार हाय, त्याचं चालतच असंन, म्हणून टिक करत गेली. काल शेवटचा दिवस. उद्या चाळीस गावायले जाणार. मले झोप नाही आली रात्रभर. म्हटलं, आज तरी खरं पाहू. कोणी नाही तेवढ्यात पाहू."

"मंग?"

"मीटर तीन लावलं. बाराचं सोयाबीन टाकलं तं पाच दाखवते. परत केलं, पाच. चौदा वेळा केलं. दरवेळी सात कमी." ती बी पायरीवर बसली. "ओलं सोयाबीन सुकं म्हणून पोत्यात गेलं असतं, सडलं असतं चाळीस गावायत. अन् चौदा दिवसाच्या टिक माह्या हातच्या! मी घाबरली. भाऊ जुनं परत आणाले काहीतरी टाइप करते, ते पाह्यलं होतं. तसंच केलं. अन् सारं गेलं. मी बसूनच राह्यली. मंग मशीन विंडोजवर लावून ठेवलं अन् निघून गेली, सारे आल्यावर परत आली."

"अन् सकाळी? भाऊले चोर म्हणत होते तवा?"

"तेच सांगते तुले!" तिनं माह्या खांद्याले धरून हलवलं. "मशीन म्हणे सात दहा. मी दुपारी केलतं. मले वाटलं, मंग माह्या हातानं उडलंच नसंन, तवा नुसतं दिसलं नसंन! माह्यानंतर भाऊनंच काही केलं असंन! मी खरंच तसं समजली, नयन्या. घड्याळच सांगत होतं ना."

मले तिले मारावंसं वाटलं अन् रडावंसं बी वाटलं. जे घड्याळ भाऊले फासावर देत होतं, त्यानंच हिले सोडवलं होतं, हिच्या मनातून. अन् ते घड्याळ मीच फोडलं.

"जा अन् सांग," मी म्हटलं.

"नोकरी जाईन. घरी दोघायचा पगार..."

"जा, नाहीतं मी सांगतो!"

ती उठली. मंग ओढणीनं तोंड पुसलं अन् वर गेली. मी मागून गेलो. तिनं साऱ्यायसमोर सांगितलं, एक शब्द न लपवता, भाऊकडं पाहून. प्रेरणाताईनं तोंडावर हात ठेवला. कपिल खाली बसला. मॅडमनं लिहून ठेवलेला तक्रारीचा कागद फाडला.

भाऊनं भिंतीवरच्या तक्त्याकडं पाह्यलं. मंग म्हणे, "दरवेळी सात कमी? चौदाच्या चौदा वेळा?"

"हो," ताई म्हणे.

"मंग चूक माह्यीच हाय. नवीन मॉडेलचा आकडा मी जुन्या हिशोबानं वाचला." त्यानं बॅग उचलली. "तू तपासलं नसतं तं कोणाले समजलंच नसतं."

मॅडम पुढं आल्या. "भावसिंग, माझं चुकलं. बस खाली. नव्यानं लिहू, उद्याचं मी पुढं ढकलते."

"लिहून देतो ना, घरून पाठवतो," तो म्हणे. "पण या खोलीत नाही बसत आता. अडीच वर्षं झाली मॅडम. सकाळपासून साऱ्यायनं सांगितलं का तू केलं. तू केलं काय, असं एकानं बी नाही इचारलं."

अन् तो गेला. मी जिन्यात आवाज देला, त्यानं मागं पाह्यलं नाही. माह्याकडं बी नाही. माह्या नावाची शंका त्याच्या डोळ्यायत एक क्षण आली होती, पण मी तरी त्याले कुठी इचारलं? 'मशीनले हात लावला?' असं इचारलं होतं मी. पोलिसासारखं.

तांड्याकडची दुपारचीच गाडी त्याले भेटली असंन. चार वाजता मॅडम म्हणाल्या, "नयन, तो फोन उचलत नाहीये. तू जा. त्याला आण, नाहीतर निदान माझा निरोप तरी दे." मी स्टँडवर बसून हे मोबाइलवर लिहून राह्यलो, कारण त्याच्या दारात जाऊन काय बोलाचं तेच सुचून नाही राह्यलं, अन् लिहिल्यावर सुचंन असं वाटलं होतं. नाही सुचलं.

पाच वीसची गाडी लागली. ताई कवा आली समजलंच नाही, ती माह्या आधीच चढून खिडकीपाशी बसली हाय, समोर पाहून. कंडक्टर दार आपटून राह्यला. मले आता निघा लागते.